रुग्णालयातील वरिष्ठांची धौंस : संज्ञा, व्याकरण आणि नियम

१

रुग्णालयात वरिष्ठांकडून कनिष्ठांना होणारा जाच हा विषय प्रामुख्याने वैद्यकशिक्षण, कायदा आणि मानसशास्त्र या तीन क्षेत्रांनी आपापल्या परीने हाताळला आहे. त्या मानाने भाषेच्या अभ्यासकांनी त्याकडे कमी लक्ष पुरविले आहे. वस्तुतः हा जाच बहुतांशी बोलण्यातून घडतो; तो सोसला जातो तो न बोलण्यातून; आणि त्याचे निवारण करावयाचे तर त्यासाठी प्रथम कोणीतरी बोलावे लागते. अशा स्थितीत त्या जाचाला कोणते नाव आहे, ते नाव कोणत्या वाक्यात बसते आणि ज्या नियमांनी त्याला आळा घालावयाचा त्या नियमांची शब्दरचना त्याला कितपत पकडू शकते, हे प्रश्न गौण मानता येत नाहीत. प्रस्तुत विवेचनात या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

विषयाची तातडी स्पष्ट करण्यास एकच घटना पुरेशी आहे. २२ मे २०१९ रोजी मुंबईतील महानगरपालिकेच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. वरिष्ठ निवासी डॉक्टरांनी जातीवरून हिणविल्याचा व सतत छळ केल्याचा आरोप झाला, आणि प्रकरण न्यायालयात गेले. आरोपांचा निर्णय करणे हे न्यायालयाचे काम होय. येथे त्याविषयी काही म्हणावयाचे नाही. परंतु घटनेनंतर जी चर्चा झाली तिच्यात एकाच वर्तनासाठी ‘रॅगिंग’, ‘छळ’, ‘जाच’, ‘ॲट्रॉसिटी’, ‘कामाचा ताण’ असे भिन्न शब्द भिन्न पक्षांनी वापरले, आणि प्रत्येक शब्दाबरोबर दोषाचे स्थान बदलत गेले. ‘ॲट्रॉसिटी’ म्हटले की दोष जातिद्वेषाचा ठरतो, ‘रॅगिंग’ म्हटले की तो विद्यार्थ्यांच्या बेशिस्तीचा होतो, आणि ‘कामाचा ताण’ म्हटले की दोषी असा कोणी उरतच नाही. संज्ञेची निवड ही येथे केवळ शैलीची बाब राहत नाही.

२

प्रथम मराठीत उपलब्ध असलेल्या शब्दांचा विचार करू. इंग्रजीतील ‘बुलिंग’ या शब्दाचा कामाच्या ठिकाणच्या वर्तनासाठी होणारा वापर तसा अलीकडचा आहे. ब्रिटनमध्ये तो अँड्रिया ॲडम्स या पत्रकार लेखिकेच्या १९९२ मधील ग्रंथामुळे रूढ झाला. त्यापूर्वी स्वीडनमध्ये हाइन्झ लेमान या मानसशास्त्रज्ञाने ‘मॉबिंग’ ही संज्ञा वापरली होती, आणि त्या देशाने १९९३ साली कामाच्या ठिकाणच्या अवमानकारक वागणुकीविरुद्ध नियमही केले. म्हणजे ज्या भाषांत आज ही संज्ञा सहज वाटते, त्या भाषांतही ती गेल्या चार दशकांत घडविली गेली आहे. मराठीत ती अद्याप घडावयाची आहे, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

तथापि मराठी या बाबतीत रिकाम्या हातांनी उभी नाही. ‘छळ’ हा शब्द आहे. पण त्याचे वजन फार मोठे आहे. कौटुंबिक अत्याचाराच्या कायदेशीर चर्चेत तो इतका रुळला आहे, की वॉर्डात रोज होणाऱ्या पाणउताऱ्याला ‘छळ’ म्हणताना तक्रारदार स्वतःच अडखळतो. ‘दादागिरी’ या शब्दाला गल्लीचा वास येतो; प्राध्यापकाच्या वर्तनाला तो लावला तर तक्रार थट्टेचा विषय होईल. ‘दंडेली’त शारीरिक बळाची छाया आहे. ‘जाच’ हा शब्द सूक्ष्म आणि नेमका आहे. दीर्घकाळ, थोडा थोडा, रोज होणारा त्रास त्यात उत्तम व्यक्त होतो.

याच अर्थक्षेत्रात मराठीने एक असा शब्द घडविला आहे, की ज्याचा या चर्चेत आवर्जून विचार व्हावयास हवा. तो म्हणजे ‘सासुरवास’. त्यामागील व्यवस्था निवासी डॉक्टरांच्या व्यवस्थेशी विलक्षण जुळती आहे. जाच करणारी व्यक्ती पूर्वी त्याच जागी जाच सोसून आलेली असते. जाच होतो तो घराची रीत शिकविण्याच्या नावाखाली. सोसणारीला घर सोडून जाता येत नाही. आणि तक्रार केली तर बोल तिच्या माहेराला लागतो. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर दुसऱ्या वर्षाच्या, आणि दुसऱ्या वर्षाचा तिसऱ्या वर्षाच्या डॉक्टराच्या हाताखाली असतो, आणि वर्ष पालटताच सोसणाऱ्याच्या हाती सोसविण्याचा अधिकार येतो. ‘आम्हीही हे केले आहे’ हे वाक्य दोन्ही ठिकाणी समर्थन म्हणून उच्चारले जाते.

परंतु या शब्दातच एक धोका आहे. सासुरवास हा भोगावयाचा असतो, त्याविरुद्ध दाद मागावयाची नसते, असा संकेत त्याला चिकटलेला आहे. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी सासुरवास उघडपणे बोलून दाखविला, कारण तेथे श्रोता जाते होते किंवा सोबत दळणारी समदुःखी होती. निर्णय करणारे तेथे कोणी नव्हते. रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये, वसतिगृहाच्या खोलीत रात्री होणारे बोलणे याच जातीचे आहे. त्याने मन हलके होते. स्थिती बदलत नाही. दुःखाचे कथन आणि दाद मागणारी तक्रार या दोन भिन्न भाषिक कृती होत, हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

३

शब्दांकडून वाक्याकडे वळल्यावर प्रश्न अधिक गंभीर होतो. वरिष्ठाने कनिष्ठाला टाकून बोलण्यासाठी मराठीत वाक्प्रचारांची समृद्धी आहे: खरडपट्टी काढणे, हजेरी घेणे, सोलून काढणे, बिनपाण्याने करणे, झापणे, तासणे. यांतील बरेचसे कारागिराच्या किंवा न्हाव्याच्या हत्यारांवरून आलेले आहेत. त्यांत कर्ता कुशल आहे आणि कर्म हे केवळ साहित्य आहे. ‘टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही’ ही म्हण वैद्यकशिक्षणात वारंवार ऐकू येते, तीही याच कुळातील. म्हणीचा आशय तपासला तर तीत शिकणारा हा दगड आहे. त्याला प्रश्न नाही, थकवा नाही, पूर्वज्ञान नाही. शिवाय चुकीच्या घावाने दगड फुटतो, ही पाथरवटाला ठाऊक असलेली गोष्ट म्हणीत येत नाही.

सोसणाऱ्याच्या बाजूने पाहिले असता दुसरा गट आढळतो: बोलणी खाणे, शिव्या खाणे, मार खाणे, ओरडा मिळणे, बोलणी बसणे. ‘तिने राऊंडमध्ये बोलणी खाल्ली’ या वाक्याचे व्याकरण लक्षपूर्वक पाहावे. ‘तिने’ ही कर्त्याची विभक्ती आहे, आणि ती मिळाली आहे जिला बोलले गेले तिला. ज्याने बोलले तो वाक्यात नाही. आणावयाचाच झाल्यास ‘सरांची बोलणी’ असा षष्ठीने, विशेषणासारखा आणता येतो. तो गाळला तरी वाक्याला काही उणे पडत नाही. जी कृती दुसऱ्याने केली, तिची क्रियापदीय जबाबदारी व्याकरण सोसणारीवर टाकते. त्यातून एक प्रश्न आपोआप निर्माण होतो: ‘तू असे काय केलेस, की बोलणी खाल्लीस?’ जबाबदारीचा शोध पहिल्याच पावलाला उलट्या दिशेने सुरू होतो.

तिसरा गट निर्कर्तृक विधानांचा. ‘रात्री थांबायचं’, ‘पहिल्या वर्षी सुट्टी मागायची नसते’, ‘इथं असंच असतं’. या वाक्यांतील आज्ञा कोणाची? वरवर पाहता कोणाचीच नाही. ‘थांब’ असे म्हणणारा माणूस दिसतो. ‘थांबायचं’ म्हणणारा मात्र केवळ रीत सांगत असतो. ‘नसते’ हे रूप तर निषेधाला निसर्गनियमाची अंगकांती देते. आज्ञार्थाला विरोध करता येतो, कारण आज्ञा करणारा समोर असतो. रीतीला विरोध करणारा मात्र अडाणी किंवा उद्धट ठरतो. रुग्णालयातील धौंसेचे खरे व्याकरण शिव्यांत नसून या निर्कर्तृक रूपांत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

संबोधनाचा विचारही येथे आवश्यक आहे. रॉजर ब्राउन व ॲल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील सर्वनामांचा अभ्यास करून दाखविले, की एकाने ‘तू’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘तुम्ही’ म्हणावे ही विषम देवघेव सत्तेची खूण असते, तर दोघांनी एकच सर्वनाम वापरणे ही जवळिकीची वा समतेची. मराठी रुग्णालयात ही विषमता पूर्णपणे आढळते, पण तिच्यात एक स्थानिक गुंतागुंत आहे. शिपाई आणि आया यांना ‘मामा’, ‘मावशी’ म्हटले जाते, आणि ते नाते आज्ञेची धार थोडी बोथट करते. ‘मामा, ट्रॉली आणा’ असेच वाक्य सहसा तोंडून येते. परिचारिकेला ‘सिस्टर’ हे पदवाचक नाव तरी आहे. कनिष्ठ निवासी डॉक्टराला मात्र नात्याचाही आडोसा नाही आणि पदाचाही नाही. पूर्वी त्याला ‘हाऊसमन’ म्हणत, त्यावरच्याला ‘रजिस्ट्रार’. आज तो ‘जेआर-वन’ आहे. ज्याला क्रमांकाने हाक मारली जाते त्याच्या जागी कोणीही उभा राहू शकतो, हे त्याला दिवसातून अनेकदा ऐकविले जाते.

४

आता नियमांच्या भाषेकडे वळू. रॅगिंगला मनाई करणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९९९ चा आहे. त्याचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. त्याने शारीरिक इजेबरोबर मानसिक इजा, भीती, लज्जा व संकोच यांनाही स्थान दिले. अपराधाला दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करण्याचे बंधन संस्थाप्रमुखावर घातले. आणि त्याने हयगय केल्यास त्याला अपराधाला साहाय्य करणारा मानले. हा कायदा निष्काळजीपणे लिहिलेला नाही.

तरीही त्याच्या व्याख्येतील तीन पदे रुग्णालयात आल्यावर लटपटतात. पहिले पद ‘बेशिस्त वर्तन’. वसतिगृहात मध्यरात्री नव्या मुलांना उठवून नाचविणे ही उघड बेशिस्त होय. वॉर्डातील धौंस मात्र बहुधा शिस्तीच्याच साधनांनी चालते: ड्यूटीच्या तक्त्याने, राऊंडने, शस्त्रक्रियागृहात कोणाला आत घ्यावयाचे या निर्णयाने. एखाद्या कनिष्ठाला महिनोन्महिने शस्त्रक्रियेपासून दूर ठेवून केवळ नमुने पोचविण्यास लावले तर त्यात बेशिस्त कोठे दिसणार? तक्ता नियमाप्रमाणे लावलेला असतो आणि त्यावर सही असते. कायदा ज्याला अव्यवस्था म्हणून शोधतो ते येथे व्यवस्थेच्या वेषात वावरते.

दुसरे पद ‘सामान्यतः स्वेच्छेने न करावयाची कृती’. विद्यार्थी एरवी आपखुशीने जे करणार नाही ते त्याला करावयास सांगणे, असा या उपवाक्याचा आशय आहे. त्यामागे असे गृहीत आहे, की विद्यार्थ्याचा ‘सामान्य’ दिनक्रम सर्वांना ठाऊक आहे आणि त्याहून निराळे काही लादले तर ते ओळखू येईल. निवासी डॉक्टराच्या आयुष्यात सामान्य असे काय आहे? १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेने सलग कामाची मर्यादा सामान्यतः बारा तासांची सांगितली होती; २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नसावे अशी शिफारस केली. शिफारस करावी लागली यातच प्रत्यक्ष स्थिती सूचित होते. जेथे रात्रंदिवस जागणे हेच सामान्य, तेथे ‘सामान्यतः’ हा शब्द मोजपट्टी म्हणून निरुपयोगी ठरतो.

तिसरे पद ‘विद्यार्थी’. निवासी डॉक्टर विद्यार्थी आहे आणि सेवकही आहे. वरिष्ठ निवासी, अधिव्याख्याता, विभागप्रमुख हे त्याचे शिक्षकही आहेत आणि कामावरील अधिकारीही. आज्ञा कोणत्या नात्याने दिली गेली हे प्रत्येक वेळी ठरविता येत नाही, आणि त्या संदिग्धतेचा लाभ नेहमी वरच्याला मिळतो. परिचारिका, तंत्रज्ञ व सफाई कर्मचारी तर या व्याख्येत येतच नाहीत. आपल्या देशात कामाच्या ठिकाणच्या धौंसेसाठी स्वतंत्र असा सर्वसाधारण कायदा नाही. म्हणून मेट्रनने परिचारिकेचा केलेला किंवा डॉक्टराने तंत्रज्ञाचा केलेला पाणउतारा हा नियमांच्या दृष्टीने अनाम राहतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी व्याख्या पुष्कळ विस्तृत केली. नेमून दिलेले शैक्षणिक काम दुसऱ्या विद्यार्थ्याकडून करवून घेणे, त्याच्या नियमित अध्ययनात व्यत्यय आणणे, याही गोष्टी तीत आल्या. २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, वर्ण, लिंग इत्यादींवरून केलेल्या वर्तनाचा स्पष्ट उल्लेख केला. ही प्रगती खरी आहे. पण जातीवरून केलेला अपमान भाषेत कसा प्रकट होतो, हा प्रश्न तरीही उरतो. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांविरुद्धच्या १९८९ च्या अधिनियमात, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, हेतुपुरस्सर अपमानाचे एक कलम आहे आणि जातीच्या नावाने शिवी देण्याचे दुसरे. दोहोंनाही लोकांच्या दृष्टीसमोर घडण्याची अट आहे. सुशिक्षितांच्या वॉर्डात जातीचे नाव उच्चारण्याची गरज पडत नाही. ‘कोटा’ हा एक शब्द, किंवा प्रवेश-परीक्षेतील क्रमांकाची चौकशी, योग्य त्या सुरात केली की काम भागते. लेखी नोंदीत तो शब्द निरपराध दिसतो. शब्दार्थ तपासणारी चौकशी येथे हरते. संदर्भ, सूर आणि पुनरावृत्ती तपासणारी चौकशीच काही पकडू शकते.

५

यावर अपेक्षित असलेले आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा, की रुग्णाचे प्राण कंठाशी आले असताना आर्जवाची भाषा शक्य नसते. हे पूर्णतः खरे आहे, आणि म्हणूनच ते या वादात अप्रस्तुत आहे. पेनेलोप ब्राउन व स्टीफन लेव्हिन्सन यांच्या सौजन्यविषयक सिद्धान्तातच हे मान्य केले आहे, की निकडीच्या प्रसंगी उघडी आज्ञा कोणाचा अवमान करीत नाही. ‘क्लॅम्प द्या’ या वाक्यात अवमान नाही. ‘एवढेही कळत नाही तर आलीस कशाला’ या वाक्यात आहे, आणि त्याने क्लॅम्प लवकर हाती येत नाही. त्रोटकपणा व तुच्छता या भिन्न गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप कठोरतेने डॉक्टर घडतो असा. याची परीक्षा प्रत्यक्ष प्रयोगाने झालेली आहे. एरी रिस्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायलमधील नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागांतील २४ गटांवर केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही गटांना सरावापूर्वी व सरावात एका पाहुण्या तज्ज्ञाचे उपमर्दकारक, पण तसे सौम्यच, शेरे ऐकविण्यात आले. त्या गटांची निदानातील व प्रत्यक्ष उपचारांतील कामगिरी उणी ठरली. भाषेच्या अभ्यासकाला यातील महत्त्वाचा भाग असा, की अवमानानंतर माणसे एकमेकांना माहिती देणे आणि मदत मागणे कमी करतात. अवमान केवळ मन दुखवीत नाही. तो संभाषण तोडतो, आणि त्याची किंमत रुग्ण देतो.

हेच सत्य निराळ्या रीतीने ब्रिटनमधील २००५ च्या एका प्रकरणात दिसले. किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका स्त्रीला भूल दिल्यानंतर तिचा श्वासमार्ग बंद पडला. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचा प्रयत्न करीत राहिले. एका परिचारिकेने गळ्यातून श्वासमार्ग करण्याचे साहित्य आणून ते तयार असल्याचे सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट मिळेल का याची चौकशी केली. त्यांना काय करावयास हवे हे कळले होते. परंतु ते डॉक्टरांच्या कानांवर ‘आता हे करा’ अशा रूपात पोचले नाही. ती स्त्री काही दिवसांनी मरण पावली. हे प्रकरण धौंसेचे नव्हे. तेथे कोणी कोणाला दरडाविले म्हणून हे घडले असे नाही. पण म्हणूनच ते अधिक बोलके आहे. उतरंडीत खालून वर जाणारे बोलणे स्वभावतःच विधानाचे वा प्रश्नाचे रूप घेते. आज्ञेचे रूप त्याला घेता येत नाही. धौंस नसतानाही जर ही वाट इतकी अरुंद असते, तर धौंस असलेल्या ठिकाणी ती पूर्णपणे बुजलेली असणार, हे उघड आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक कडक शब्दाला धौंस म्हटले तर चूक दाखविणेच अशक्य होईल, असे अनेक प्रामाणिक शिक्षकांना वाटते. लैंगिक छळाविषयीच्या १९९७ च्या विशाखा निर्णयाने व नंतरच्या २०१३ च्या अधिनियमाने ‘अनिष्ट’ म्हणजे सोसणाऱ्या व्यक्तीला नको असलेले वर्तन ही कसोटी स्वीकारली. ‘छेडछाड’ या हलक्या शब्दाच्या जागी ‘लैंगिक छळ’ ही संज्ञा आली आणि तक्रारीला पाय फुटले, हे या संज्ञेचे ऋण मानलेच पाहिजे. पण ती कसोटी येथे जशीच्या तशी चालणार नाही; कारण न्याय्य फटकाराही ऐकणाऱ्याला नकोसाच असतो. आठवड्यातून किमान एकदा व किमान सहा महिने, ही लेमान यांची मोजणीची कसोटीही अपुरी आहे. पोस्टिंग बदलत असताना सहा महिन्यांत जाच करणारा बदलतो, जाच मात्र चालू राहतो.

याहून उपयुक्त कसोट्या बोलण्याच्या घडणीतूनच मिळतात. वाक्याचा विषय चूक आहे की चुकणारा? बोलण्यात पुढील वेळी बरोबर करण्यास लागणारे ज्ञान आहे काय? ऐकणाऱ्याला उत्तर देण्यास जागा ठेवली आहे काय? ते रुग्णासमोर व इतरांसमोर बोलणे आवश्यक होते काय? आणि तीच चूक दुसऱ्याने केली असता तेच बोलले जाते काय? ‘टाका फार सैल आहे, उसव आणि पुन्हा घाल’ हे वाक्य कितीही चढ्या आवाजात उच्चारले तरी ते या कसोट्यांना उतरते. ‘तुझ्या हातात टाका देणारे मूर्ख’ हे वाक्य हळू आवाजात उच्चारले तरी उतरत नाही. शिक्षकाचा कठोर होण्याचा अधिकार यात कोठेही हिरावला जात नाही.

६

उपायांच्या भाषेचीही समीक्षा व्हावयास हवी. अलीकडे मानसिक आरोग्य, समुपदेशन, चिवटपणा यांवर भर दिला जातो. या गोष्टी निरुपयोगी नाहीत. पण त्यांच्या वाक्यरचनेत पुन्हा सोसणाराच कर्ता आहे: त्याने ताण हाताळावा, त्याने मन खंबीर करावे. वर उल्लेखिलेल्या २०२४ च्या कृतिदलाचे नाव विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचे आहे, आणि त्याची कामाच्या तासांविषयीची शिफारस मात्र संस्थांना उद्देशून आहे. येथे शिफारस नावापेक्षा शहाणी आहे. ‘बोलणी खाणे’ या प्रयोगातील जुनी रचना नव्या परिभाषेत शिरू नये, याची दक्षता घेणे अगत्याचे होय.

याउलट जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसृत केलेली शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी-यादी पाहावी. १९ बाबींच्या त्या यादीत, छेद घेण्यापूर्वी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे अशी एक बाब आहे. आठ शहरांतील आठ रुग्णालयांत, त्यांत दिल्लीतील एक होते, यादीच्या वापरानंतर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. याचे सारे श्रेय नावे सांगण्याला देणे अशास्त्रीय होईल; यादीत औषधांच्या व साधनांच्या तपासणीचाही समावेश आहे. पण क्रमांकाच्या जागी नाव येणे आणि कनिष्ठाने एकदा तरी मोठ्याने बोललेले असणे, या दोन भाषिक घटना तीत जाणीवपूर्वक घडविल्या आहेत. ज्याचा आवाज एकदा ऐकला गेला आहे त्याला पुन्हा बोलणे सोपे जाते. अर्थात यादीवर केवळ खुणा करून ती फायलीत लावली, तर ही घटना घडतच नाही.

तक्रारीच्या बाबतीतही हेच लागू आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या व्याख्यानांत मांडले, व ती १९६२ मध्ये ग्रंथरूप झाली, की काही उच्चार हे विधान नसून कृती असतात, आणि ती कृती सफल होण्यास योग्य बोलणारा, योग्य ऐकणारा व योग्य रीत यांची आवश्यकता असते. निवासी डॉक्टराची तक्रार ज्या विभागातून जाते, त्याच विभागातील मार्गदर्शकाची सही त्याच्या प्रबंधावर व कामाच्या नोंदवहीवर व्हावयाची असते. येथे ऐकणारा योग्य नाही. म्हणून तक्रारदार ती तक्रार ‘विनंती’ म्हणून लिहितो, ‘ड्यूटी बदलून मिळावी’ असा अर्ज करतो, आणि मूळ कृती अनुच्चारित राहते. ब्रिटनमधील मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयाची चौकशी करणारे सर रॉबर्ट फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये २९० शिफारशी केल्या, आणि तरीही २०१५ मध्ये केवळ ‘बोलण्याच्या मोकळिकी’वर त्यांना स्वतंत्र अहवाल द्यावा लागला. त्यातून तेथील रुग्णालयांत विभागाबाहेरचा, नेमलेला असा ऐकणारा आला. विभागाबाहेरचा ऐकणारा ही सोय मानून चालणार नाही. तक्रार ही तक्रार होण्याची ती अटच आहे.

शेवटी संज्ञेचा प्रश्न. वरील विवेचनावरून ‘जाच’ आणि ‘धौंस’ हे दोन शब्द परस्परपूरक म्हणून स्वीकारावेत असा निष्कर्ष निघतो. ‘जाच’ सोसणाऱ्याची दीर्घ स्थिती सांगतो. पण ‘जाच होतो’ हे वाक्य कर्त्यावाचून पुरे होते. ‘धौंस’ मात्र कोणीतरी द्यावी लागते, दाखवावी लागते. देणाऱ्यावाचून ते वाक्य अर्धवट राहते. शिवाय तीत पदाच्या बळाचा अर्थ मूळचाच आहे, आणि ती आरोळीप्रमाणेच शांत आवाजात, सहीने किंवा तक्त्यानेही देता येते. म्हणून चौकशीच्या अर्जावर ‘आपणांस कोणता त्रास झाला?’ हा एकच प्रश्न असू नये. ‘कोणी, कोणत्या अधिकाराच्या बळावर, कोणत्या शब्दांनी किंवा निर्णयाने, कितव्या वेळी धौंस दिली?’ असा प्रश्न असावा. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात एक दुःखी माणूस दिसतो. दुसऱ्याच्या उत्तरात कृती दिसते, कर्ता दिसतो, आणि चौकशी करणाऱ्याला कोठून आरंभ करावयाचा हेही कळते.